पडद्यावरचं नाव

अरशदशेठने ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली नसती तर आपण त्याला सोडून दिलं असतं, असं फरीदा आता म्हणते. म्हणू दे. ज्यांनी तिला त्या संध्याकाळी नीलांबरी टॉकीजच्या जिन्यासमोर कॅमेरा रोखून उभी असलेली पाहिली, त्यांचा यावर काडीचाही विश्वास नाही. वर्षानुवर्षं राग जपणाऱ्या माणसाला फक्त निमित्त हवं असतं, आणि अरशदशेठसारखी माणसं ते हौसेने पुरवतात.

फरीदा मुकादम म्हणजे बायकांच्या बाजूचे फोटो काढणारी. आमच्या रत्नागिरीत मुसलमानांच्या लग्नात पुरुषांच्या मांडवात स्टुडिओवाले हवे तेवढे फिरतात. पण बायकांच्या बाजूला, जिथे नवरीला मेंदी लागते आणि मावश्या-काक्या डोक्यावरची ओढणी सोडून गाणी म्हणतात, तिथे पुरुषाला कॅमेरा घेऊन शिरता येत नाही. तिथे फरीदा लागते. मिरकरवाड्यापासून पूर्णगडापर्यंतच्या बायका तिला ओळखतात आणि तिच्यापाशी मन मोकळं करतात, कारण तिच्याकडे दिलेला फोटो जसा बाहेर जात नाही तशी गोष्टही जात नाही. तिचा नवरा दोह्याला नोकरीला, मुलगी मुंबईला. घरात ती आणि तिची आई. आईचा डावा पाय खुब्यातून कायमचा गेलेला, काठीशिवाय तिला न्हाणीपर्यंतही जाता येत नाही.

गेल्या वर्षी गावातल्या प्रतिष्ठित मंडळींच्या डोक्यात आलं, की शहरातली जुनी थिएटरं एकेक करून बंद पडताहेत, तर त्यांचे फोटो काढून प्रदर्शन भरवावं. समिती झाली. समितीने चहा प्यायला, वडे खाल्ले आणि 'सांस्कृतिक अवकाश' असा एक शब्द शोधून काढला. मोठा शब्द सापडला की निम्मं काम झालं असं या मंडळींना वाटतं. उरलेलं निम्मं करायला कोणीतरी लागतंच, तेव्हा एका सभासदाच्या बायकोने फरीदाचं नाव सुचवलं. समितीचा अध्यक्ष होता अरशद उस्मान, नीलांबरी टॉकीजचा मालक. अध्यक्षाचं नाव फरीदाने परत एकदा विचारून घेतलं आणि मग हो म्हणाली.

काम तिने मन लावून केलं. एका थिएटरात आता आंब्याच्या पेट्या रचतात, तिथे पडद्याच्या रिकाम्या चौकटीखाली गवत पसरलेलं तिने टिपलं. एकाचा लग्नाचा हॉल झालाय, त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून 'बाल्कनी' असा बाण आहे. बायकांची वेगळी तिकीटबारी आणि तिच्या गजांना हात लागून लागून आलेली चकाकी तिने टिपली. समितीला इमारती हव्या होत्या. फरीदा माणसं शोधत फिरत होती, आणि जिथे जाईल तिथे म्हाताऱ्या बायका फोटोला बसता बसता एकच गोष्ट सांगत होत्या. "माजं नाव आलेलं एकदा पडद्यावर," भाट्याची चिमा तिला म्हणाली. "सासरा गेलेला. आजून टीव्हीवर काळ्यावर पांढरी अक्षरं आली तरी मी उठून उभी ऱ्हाते बघ."

आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा खिशात फोन नव्हते. माणूस पिक्चरला बसलेला असताना घरी काही झालं, तर घरचं कोणीतरी धावत तिकीटबारीवर यायचं. वर केबिनमध्ये ऑपरेटर काचेचा तुकडा दिव्यावर धरून काजळीने काळा करायचा, त्यावर खिळ्याने नाव कोरायचा आणि काच यंत्रात सरकवायचा. चालू पिक्चरमध्ये, नटीच्या तोंडावरच, पांढरी वाकडी अक्षरं उमटायची: अमुक अमुक, बाहेर या. आनंदाची बातमी द्यायला कोणी एवढी धावपळ करत नसे. नाव आलं म्हणजे घरी कोणीतरी गेलं किंवा जायच्या वाटेवर आहे, हे सगळ्या थिएटरला कळायचं. ज्याचं नाव असेल तो विचार करायला थांबत नसे. पाय आपोआप जिन्याकडे वळायचे.

सगळ्यांत शेवटी फरीदा नीलांबरीत गेली. अरशदशेठने तिचं जोरात स्वागत केलं. पांढरा शर्ट, रंगवलेली दाढी, हातात दोन फोन. तो तिला 'आपा, आपा' म्हणत होता. त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखेल असं तिला उगाच वाटलं होतं, आणि तो ओळखत नाही हे कळल्यावर तिला जो राग आला त्याचं तिलाच नवल वाटलं. ज्याच्यामुळे आपलं घर लंगडं झालं, त्याच्या लेखी आपण कोणीच नव्हतो.

बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, मालकांच्या राखीव खुर्चीत, तिने त्याला फोटोसाठी बसवला. त्याने थिएटरची ऐट सांगितली. भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर जाडीच्या, आत फोनला रेंजच येत नाही, म्हणून पिक्चर कसा निवांत बघता येतो. मग तो जुन्या दिवसांवर आला आणि एकदम हसायलाच लागला.

"एक गंमत सांगतो, आपा. कॉलेजात होतो तेव्हाची. आमच्याच मोहल्ल्यातली एक पोर मॅटिनीला आलेली. तिचा बाप कुवेतला अडकलेला. लढाई सुरू, महिनाभर पत्ता नाही. आम्ही धाकू ऑपरेटरला सांगून तिचं नाव लावलं पडद्यावर. अशी पळत आली, अशी पळत आली! आम्ही खाली सोडा पीत उभे. ती विचारते, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, थांब, सांगतो. सोडा संपेपर्यंत उभी केली तिला!" त्याने डोळे पुसले. "बाप कुवेतला होता म्हणून तर मजा आली. नायतर कोण एवढं घाबरतंय?"

"नाव काय तिचं?" फरीदाने भिंगातून डोळा न काढता विचारलं.

"कोण जाणे. कुणाची तरी पोर." मग तो पुढे वाकून म्हणाला, "हे पण टाका तुमच्या प्रदर्शनात. लोकांना असल्या गमती आवडतात."

"टाकते," फरीदा म्हणाली.

आता खरं काय घडलं ते ऐका. त्या पावसाळ्यात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि फरीदाचे वडील, इद्रीस होडेकर, तिकडे कुठे आहेत ते कोणाला कळेना. घरात रेडिओ सोडून दुसरं कोणी बोलत नव्हतं. फरीदा रात्रंदिवस रडायची. शेवटी आईनेच तिला शेजारच्या मुलींबरोबर मॅटिनीला पाठवलं. दोन तास तरी पोरीचं मन रमेल, एवढाच आईचा विचार.

मध्यंतरानंतर पडद्यावर अक्षरं आली: फरीदा इद्रीस, बाहेर या. बाल्कनीतली एकूण एक बाई उठली. फरीदा जिन्याकडे धावली आणि तिच्यामागे सगळ्या धावल्या, कारण इद्रीस कुवेतला आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं? खाली अरशद त्याच्या दोस्तांबरोबर बाटली तोंडाला लावून उभा होता. फरीदा विचारत होती, "एवढंच सांग, जिते हायत ना?" आणि तो म्हणत होता, "थांब, सांगतो." त्याने एकेक घोट सावकाश घेतला. बाटली रिकामी झाल्यावर म्हणाला, "काय नाय गो, गंमत. जिता असेल बाप तुजा. जा, पेढे वाट."

पण तोपर्यंत दोन बायका मोहल्ल्यात पोचल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं, आईला आधी कळवावं, तिच्याजवळ कोणीतरी असावं. "इद्रीसभाय गेले," अशी हाक ऐकून आई दारातून बाहेर धावली. पावसाने जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. ती वरच्या पायरीवरून घसरली ती थेट अंगणात. फरीदा घरी पोचली तेव्हा आई चिखलात पडून नवऱ्याच्या नावाने आक्रोश करत होती आणि आपला पाय मोडलाय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

इद्रीस होडेकर पुढे जॉर्डनमार्गे सुखरूप घरी आले, आणखी पुष्कळ वर्षं जगले. आईचा खुबा मात्र नीट सांधला गेला नाही. अरशदच्या बापाने एक करंडी फळं पाठवली आणि निरोप दिला, पोरांची मस्करी आहे, मनावर घेऊ नका. आईने सगळी फळं शेजारच्या गाईला घातली. अरशदला कोणी चार शब्द सुनावले नाहीत. उस्मानशेठची माणसं गावात वजनदार, आणि बोलून पाय परत थोडाच येणार होता? फरीदा त्याबद्दल कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही. दर पावसाळ्यात आईचा पाय ठणकायला लागला की ती तेल गरम करून चोळत बसायची आणि मनातल्या मनात त्या माणसाला त्या जिन्यावरून पळवायची.

प्रदर्शन नीलांबरीतच भरवायचं ठरलं. दर्शनी व्हरांड्यात भिंतींवर फोटो, आणि आत पडद्यावर मोठे करून तेच फोटो दाखवायचे, मग अरशदशेठचा सत्कार. फरीदाने फोटो टांगले. जिन्याशेजारच्या भिंतीवर शेवटची चौकट तिने रिकामीच लावली.

"ही कशाला मोकळी ठेवली?" अरशदशेठने विचारलं.

"शेवटचा फोटो अजून यायचाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलेल्या गमतीचा."

त्याला फार बरं वाटलं. पण मन थाऱ्यावर नव्हतं. त्याचा मुलगा आमीर जहाजावर नोकरीला. जहाज तांबड्या समुद्रात शिरलं होतं, तिकडे जहाजांवर हल्ले होत होते, आणि तीन-चार दिवस फोन आला नव्हता. अरशदशेठ सारखा दारात जाऊन फोन वर धरून बघायचा. फरीदाने ते पाहिलं आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. अगदी तशीच वेळ आली होती. असं मागून मिळत नाही.

एक गोष्ट मात्र तिला टोचत होती. अरशदची बायको जुलेखा. आमीर तिचाही मुलगा. नवऱ्याचं नाव पडद्यावर पाहून ती बिचारी त्याच जिन्यावरून धावली आणि पडली, तर? एका आईचा पाय गेला होता, तेवढा पुरे होता. म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी फरीदा सरळ शेठच्या घरी गेली. जुलेखाच्या मुलीचं लग्न तिनेच टिपलं होतं, त्यामुळे ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळी झाली.

जुलेखा मासे साफ करत होती. तिने ऐकून घेतलं. कोयती धुतली, हात पुसले.

"ती पोर तू व्हतीस?"

"मी."

"ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत्येय. प्रत्येक पावण्यापुढे सांगतात. पोरीचं नाव कदी सांगितलं नाय." "माजी आई आजारी व्हती ना, तेव्हा आवाज बदलून फोन केलान मला. माहेरून बोलतोय, आईला जास्त झालंय, लगेच निघा. मी उघड्या पायांनी एस.टी. स्टँडवर पोचलेली. मागून येऊन हसले. आणि मी काय बोलणार? सगळे म्हणायचे, अरशदशेठ किती हसमुख माणूस."

"आमीरचा फोन आला नसेल तर मी नाय करणार आज," फरीदा म्हणाली. हे वाक्य तोंडातून जाताना तिला किती जड गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"आला," जुलेखा म्हणाली. "तासाभरापूर्वी. सुखरूप बंदरात लागलाय. ह्यांना सांगायचं म्हणून फोन उचलला तेवढ्यात तू आलीस." तिने ओट्यावरचा फोन उचलला आणि डाळीच्या डब्यामागे ठेवून दिला. "किती वेळ घाबरवणार हायस?"

"जिना उतरून खाली येईपर्यंत. आणि एक सोडा."

"बरं," जुलेखा म्हणाली. "बाल्कनीतल्या बायकांचं मी बघते."

धाकू ऑपरेटर म्हातारा झाला होता, पण केबिनची किल्ली अजून त्याच्याच कमरेला असे. त्याला फरीदाने सांगितलं तेव्हा त्याने डोकं खाजवलं.

"तेव्हा उस्मानशेठच्या पोराने सांगितलं म्हणून काच लावली. आता तू सांगत्येस म्हणून लावतो. मला काय, मी ऑपरेटर." असं म्हणून तो काचेचा तुकडा शोधायला लागला.

संध्याकाळी नीलांबरी गच्च भरली. कित्येक वर्षांत तिथे एवढी माणसं आली नव्हती. फरीदाने आईलाही रिक्षात घालून आणलं होतं. आई तो जिना चढू शकणार नव्हती, म्हणून तिला व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवली, काठी मांडीवर. या थिएटरात आई पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. ती फोटोंकडे बघत होती, मग त्या रिकाम्या चौकटीकडे बघितलं, मग लेकीकडे.

अरशदशेठ झब्बा घालून पाहुण्यांना हात मिळवत वर गेला आणि मालकांच्या खुर्चीत बसला. बायकांचा घोळका जुलेखाच्या मागून बाल्कनीच्या दुसऱ्या बाजूला गेला. दारं लागली. आत दिवे गेले, फोटो सुरू झाले, टाळ्या ऐकू आल्या. व्हरांड्यात उरल्या त्या मायलेकीच. फरीदाने तिवई उभी केली, कॅमेरा जिन्यावर रोखला, भिंग नीट केलं. मग समोरच्या टपरीवरून सोड्याची बाटली आणली आणि हातात धरून उभी राहिली.

आतलं संगीत मध्येच थांबलं. धाकूने काच सरकवली होती. आता तिथे काय दिसत असणार हे फरीदाला डोळे मिटूनही दिसत होतं. काळ्या पडद्यावर पांढरी, खिळ्याने ओढलेली अक्षरं: अरशद उस्मान, बाहेर या. आत एकदम गलका उठला आणि तितक्याच झटक्यात शमला, कारण ते दिवस पाहिलेल्या माणसांना ती अक्षरं वाचून बोलता येत नाही. मग वर लाकडी खुर्चीची बैठक खाडकन मागे आपटली.

फरीदा कान देऊन ऐकत होती. तिला पावलं मोजायची नव्हती, फक्त किती जणांची आहेत ते ऐकायचं होतं. तिच्या वेळी सगळी बाल्कनी जिन्यावरून गडगडत आली होती. आज एकाच माणसाची पावलं येत होती. बायकांपैकी एकही उठली नव्हती. नवऱ्याच्या मागे जुलेखाही नाही, शेजारणी नाहीत, नणंद नाही. रत्नागिरीत एखाद्याचं नाव पडद्यावर यावं आणि बाल्कनी जागची हलू नये, असं कधी झालं नव्हतं.

तो आला. एका पायात चप्पल, दुसरा उघडा. कठडा दोन्ही हातांनी धरून तो पायऱ्या उतरत होता. तोंड उघडं, रंगवलेली दाढी घामाने ओली. शेवटच्या वळणावर त्याचा तोल गेला आणि भिंतीला धरून तो सावरला. फरीदाने त्याच क्षणी बटण दाबलं.

"कोण आलाय?" तो ओरडला. "कोणी बोलावलं मला? आमीरचं काय?"

"थांबा," फरीदा म्हणाली. "सांगते."

तिने बाटली तोंडाला लावली आणि एक घोट घेतला. सोडा नाकात चढला. तिने शांतपणे बाटली खाली केली.

अरशदशेठने फोन काढला, पण घाईघाईत तो उघडेना. त्याने फोन टाकून दिला आणि तिच्या ओढणीचं टोक धरलं. "आपा, जहाजाचं काय झालं? बोला. कंपनीचा फोन आला काय?"

"थांबा, सांगते." दुसरा घोट.

तेव्हा त्याने ओढणी सोडली. तो शेवटच्या पायरीवर बसला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि 'या अल्ला' म्हणून रडायला लागला. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान पोरासारखा. फरीदाने एवढी वर्षं याची वाट बघितली होती. तेल चोळताना जे जे मनात रंगवलं होतं ते सगळं समोर होतं, आणि ते गोड होतं. नाही कशाला म्हणायचं? तिने आणखी एक फोटो घेतला. बाटली पूर्ण प्यायची असं तिने ठरवलं होतं.

मग तो मान वर करून म्हणाला, "एवढंच सांगा, जिता हाय ना?"

तिचा घोट तोंडातच राहिला. अगदी तेच शब्द. तेव्हा ते तिच्या तोंडचे होते, इथेच, या फरशीवर. त्या शब्दांनंतर किती वेळ उत्तर आलं नव्हतं, ते तिला अजून अंगभर ठाऊक होतं. तिने सोडा गिळला आणि बाटली पायरीवर ठेवली.

"जिता हाय," ती म्हणाली. "दुपारी घरी फोन आलेला. सुखरूप हाय पोर तुजा. जा, पेढे वाट."

तो बघतच राहिला. आधी त्याच्या तोंडावर नुसती सुटका होती. मग हळूहळू ते शब्द आत गेले. पेढे. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"तू कोण?"

"फरीदा इद्रीस," ती म्हणाली. "कुणाची तरी पोर. गंमत केली, शेठ. मनावर घेऊ नका."

त्याचं तोंड लाल झालं. तो उठायला गेला, काही बोलणार होता, पण वर दार उघडलं आणि बायका जिन्याच्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. पुढे जुलेखा. कोणी हसत नव्हतं, कोणी काही विचारतही नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या आणि तो एका पायात चप्पल घालून पायरीवर. त्याने बायकोकडे बघितलं. ती धावत आली नव्हती. ती का धावली नाही हे त्याला कळलं, आणि तो परत पायरीवर बसला.

फरीदाने तिवई मिटायला घेतली. रिकामी चौकट भिंतीवर होतीच. उद्या सकाळी फोटो तिच्यात बसणार होता, खाली नाव: 'नीलांबरी टॉकीज, नाव पडद्यावर आल्यावर'. तो काढून टाकायचा तर अरशदशेठला समितीपुढे कारण सांगावं लागणार होतं, आणि हसतमुख माणसाला एवढी साधी गंमत सोसत नाही असं तो कसं म्हणणार?

ती आईपाशी गेली. आई सगळा वेळ खुर्चीतून हलली नव्हती. काठी तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचे डोळे अरशदवर होते. आता तिला वाईट वाटेल, असं फरीदाला वाटलं. आई तशी मऊ. मांजर उपाशी राहिलं तरी तिला झोप लागत नसे. आता म्हणेल, जाऊ दे गो, त्याचाही पोर आहे.

"चल आई, घरी जाऊ," फरीदा म्हणाली.

आई उठली नाही. तिने काठी उचलली आणि पायरीवर ठेवलेल्या बाटलीकडे रोखली. अरशदच्या उघड्या पायाशेजारी ती उभी होती, आत बुडबुडे अजून वर येत होते.

"अर्धी हाय अजून," आई म्हणाली. "इतक्यात सांगितलंस कशाला?"